काशिरामचं मशीन गोड्या पाण्यात

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बळीरामची बैलगाडी, बैलांसकट, वडाळे तळ्याला पोहत प्रदक्षिणा घालून आली. पण असं काही घडलंच नाही, असं पनवेलच्या कोळीवाड्यानं एकमतानं ठरवलेलं आहे. तेव्हा आपणही हे वाक्य वाचलेलं नाही. तर, काशिराम सकाळी ओट्यावर बसून मशीन पुसत होता.

हे मशीन म्हणजे होडीच्या पाठीला लावायचं, लढाईनंतर मुंबईच्या भंगारात निघालेलं, गोऱ्या सोजिरांनी वापरून वापरून कंटाळून टाकलेलं इंजीन. कोळीवाड्यातलं पहिलंच. म्हणून यंदा महादेव पाटलांनी चारचौघांत जाहीर केलं होतं, की दर्याला वाहायचा सोन्याचा नारळ काशिरामच्या होडीतून जाईल, आणि तोही वल्ह्याला हात न लावता. हे बघायला उरणहून काशिरामचा साडू धर्मराज येणार होता. लग्नापासून आजवर काशिरामच्या हातून एकही गोष्ट धड झालेली त्यानं पाहिली नव्हती, आणि ही कीर्ती तो उरणभर पसरवत असे. उद्या त्याचं तोंड बंद व्हायचं होतं.

काशिरामनं प्लग राखेनं घासला. पंख्यात गुंतलेलं जाळं कापून काढलं. दिसेल त्या भोकात ग्रीस भरलं. फक्त बंद करायच्या बटणाकडे त्यानं पाहिलं नाही. ते वापरायची वेळच कधी आली नव्हती. बंद पडायचं काम मशीन आपलं आपण करत असे.

राहिलं होतं ते पोटातलं मीठ. खाडीचं पाणी पिऊन पिऊन मशीन आतून खारवलं होतं. ते घटकाभर गोड्या पाण्यात चालवायला हवं होतं.

"गुणे, पिंप रिकामं कर गो!"

"कशाला?" गुणाबाई आतूनच म्हणाली.

"मशीनला आंगोळ घालायची हाय."

"माज्या बाळंतपनाला दोन तांबे ऊन पानी मागितलं, तवा लाकडं ओली हायत म्हनालात. आनि ह्याला पिंप?" गुणाबाई दारात आली. "आनि तो पेट्रोलचा डबा चुलीजवळून उचला आधी. घर पेटवाल!"

काशिरामनं निमूटपणे अख्खा डबा मशीनच्या टाकीत पालथा केला. पंपावर टँकर परवा यायचा होता आणि उरलंसुरलं पेट्रोल त्यानंच उचललं होतं. पण डब्यात काय न् मशीनमध्ये काय, पेट्रोल ते पेट्रोल.

मशीन खांद्यावर टाकून तो निघाला, तर रस्त्यावर बळीराम भेटला. हा मिठागरवाला आगरी, बाजारातून चार मोठी रिकामी पिंपं घेऊन, ती गाडीत दोरानं करकचून बांधून घरी निघाला होता.

"बळीरामदादा, तळ्यापर्यंत सोड ना. मशीन धुवायचंय, आनि घरात पिंप नाय मिळत."

"बायका अशाच रं. ठेव पिंपांवर. पन जपून, पोचा नाय आला पायजे."

या बोलण्यात दोघांनाही वावगं असं काही दिसलं नाही.

तळ्यावर नवी अडचण उभी राहिली. मशीन अडकवायला लाकूड हवं, आणि होडी तर खाडीत. काशिरामची नजर गाडीच्या मागच्या फळीवर गेली. गाडी मागं रेटत पाण्याच्या काठाशी आणली, मशीन फळीला आवळलं, पंखा पाण्यात बुडाला. तेवढ्यात काशिरामला शहाणपण सुचलं.

"पंखा गाडीला पुडं ढकलंल. तुजे बैल बुजतील. त्यापरीस मशीन उलटं फिरवतो. म्हंजे ते मागं ओढंल."

"पन मागं तं तळं हाय."

"म्हनूनच तं! आपल्याला पानीच पायजे ना?"

हे बळीरामला पटलं.

एरवी दोरी ओढून ओढून खांदा निखळायचा. आज मशीन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. काशिरामला इतका आनंद झाला, की आपण तळ्यात चाललो आहोत हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. बैलांनी चिखलात खूर रोवून पाहिले, बळीरामकडे पाहिलं, आणि मालकच गाडीत बसलाय म्हटल्यावर तेही निघाले. पिंपांवर गाडी छान तरंगली. मागोमाग जुवाला बांधलेले दोन बैल, नाकपुड्या वर करून.

"काश्या, बंद कर!"

काशिरामनं बटण दाबलं. बटण आत गेलं आणि आतच राहिलं. मशीनपर्यंत निरोप काही पोचला नाही.

"मग काठाला लाव मेल्या!"

"पंखा दगडावर मोडंल ना! उद्या पौर्निमा हाय!"

शेवटी त्यानं मशीन सरळ फिरवलं. आता बैल पुढं आणि गाडी मागं, असा रीतसर देखावा झाला. काठावरून तळ्याचा रखवालदार कमळाकर शिटी फुंकत धावत आला.

"ए! तळ्यात बैल धुवायला मनाई आहे!"

"बैल नाय, साहेब, मशीन धुतो!"

"मग होडीचा परवाना दाखवा!"

"होडी नाय, गाडी हाय!"

कमळाकरनं क्षणभर विचार केला. "गाडी आहे तर मग डाव्या बाजूनं चालवा!"

काशिराम कायद्याला भिणारा माणूस. त्यानं गाडी डाव्या अंगाला घेतली आणि प्रदक्षिणा सुरू झाली. पुन्हा समोर आल्यावर कमळाकर ओरडला, "अहो, एवढी पिंपं आहेत जवळ, तर पिंपातच का नाही धुतलंत?"

दोघांनी खाली पिंपांकडे पाहिलं.

"काश्या, तुला नाय सुचलं?"

"तुला कुठं सुचलं?"

"मी गाडी हाकीत व्हतो."

मीठ गेल्यावर मशीनचा आवाज असा गोड झाला, की काशिराम भीती विसरून ऐकत राहिला. मग एकाएकी ते आपलं आपण बंद पडलं. बैलांनी गाडी ओढून काठाला आणली, अंग झाडलं, आणि ते गवत खायला लागले. बाजारात बैलांची अब्रू जाईल म्हणून बळीरामनं कोळीवाड्यात येऊन सगळ्यांना शपथ घातली: झालं ते झालंच नाही.

"काय म्हनतंय मशीन?" गुणाबाईनं घरी विचारलं.

"नव्यासारखं झालंय गो!" असं म्हणत काशिरामनं कौतुकानं टाकी हलवून पाहिली. मग उलटी करून पाहिली. मग तो उठून तडक पाटलांच्या ओट्यावर गेला. होडीच्या परवान्यापायी कचेरीच्या खेपा घालून अर्जाची भाषा त्याला तोंडपाठ झाली होती. त्यानं हात जोडले, घसा साफ केला.

"मेहेरबान पाटीलसाहेब यांस. अर्जदाराचं मशीन पूर्णपणे दुरुस्त असून केवळ पेट्रोलअभावी उभं आहे. अर्जदाराचा साडू उद्या सकाळी येत आहे. सबब, मेहेरबानांनी चंद्रास योग्य ती समज देऊन यंदाची नारळी पौर्णिमा टँकर येईपर्यंत तहकूब ठेवावी, ही नम्र विनंती."