रुसूबाईंचा ठावठिकाणा

“आणखी एकदा विसळ गं, भांडं हसलं पाहिजे.” आईचा तो जुना आवाज सूनबाईच्या कानात अजून घुमायचा. सासऱ्यांनाही तिनं ते वाक्य कौतुकानं ऐकवलं होतं.

ती जिवाणूंच्या प्रयोगशाळेत कामाला. तिच्या अभ्यासातला जिवाणूंचा गट मोठा नखरेल. बशीत काहीही खाऊ घाला, वाढायचं नाव नाही; पाण्यामातीत नुसत्या जनुकांच्या खुणा सापडायच्या. तिनं वैतागून त्यांचं नावच ठेवलं, रुसूबाई.

त्यांचा मुक्काम शोधत ती बाटल्या घेऊन रानोमाळ हिंडली. गरम झऱ्यात रुसूबाई, खाडीच्या चिखलात रुसूबाई, गुहेत आणि बर्फातही रुसूबाईच. विभागाच्या मोठ्या बाई हरखल्या. हे शास्त्रज्ञांच्या सभेत मांडलं की नोकरी कायम, असा शब्दच देऊन बसल्या.

मग पडताळा म्हणून सूनबाईनं निव्वळ शुद्ध पाण्याची बाटली तपासली. तिच्यातही रुसूबाई, पाय पसरून.

म्हणजे बया बाटलीत बसूनच जगभर फिरून आली होती. सूनबाईच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं तपासणीच्या यंत्रावर संशय घेतला, यंत्रवाला फुगला. बाटल्यांच्या पिशवीवर शिंकलात म्हणून नवऱ्याला झापलं, तोही फुगला. बाटल्या घरातच ठेवलेल्या, म्हणून नळ, कपाट, नवऱ्याचा तळहात, सगळीकडे कापसाचे बोळे फिरवून झाले. कुठं काही नाही. सासरे तेवढे मुकाट्यानं चहा पुढं करत राहिले.

शेवटी बोळा गॅलरीतल्या बादलीत बुडाला. सासरे त्यात उरलासुरला चहा, तांदळाचं धुवण साठवून गुलाबांना घालत. बादलीच्या कडेला गुलाबी साय धरली होती, आणि त्या सायीत रुसूबाईंचं अख्खं गोकुळ नांदत होतं.

सूनबाई बादलीपुढं फतकल मारून बसली. मोठ्या बाईंना फोनवर सगळं खरं सांगितलं. पलीकडून हळूच प्रश्न आला, “खायला काय घालता हो त्यांना?”

सूनबाईनं मान वर करून सासऱ्यांकडे पाहिलं. “बाबा, सभा गेली तर जाऊ दे. पण बादलीत काय काय घालता ते सांगा. आणि हे माझ्या बाटल्यांत कसं गेलं, तेही.”

सासऱ्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

“अगं, तू निघण्याआधी मी त्या विसळून ठेवायचो. नळ सोडला असता तर तुला कळलं असतं, म्हणून बादलीत. भांडं हसलं पाहिजे ना.” मग जरा अभिमानानंच म्हणाले, “साबण मात्र लावला नाही हं. म्हटलं, तुझे जंतू मरायला नकोत.”