एकच डाग होता

माणसाची लायकी पूर्वी त्याच्या बोलण्यावरून ठरत असे. आता ती त्याच्या मोटारसायकलच्या सायलेन्सरवरून ठरते, आणि ही पद्धत जास्त भरवशाची आहे. बोलण्यात माणूस फसवू शकतो. सायलेन्सर तापतो, आणि तापल्यावर त्याला जे चिकटतं ते चिकटतंच.

मिरजगावच्या बिभीषणाच्या सायलेन्सरवर एक जांभळा डाग होता. प्लास्टिकची चप्पल वितळून पडतो तसा, बरोबर मागे बसणाऱ्या बाईच्या टाचेपाशी. चप्पल त्याच्या भीमाबाई आत्याची होती. डोळे तपासायला तिला नगरला नेलं, तेव्हा तिने जो पाय सायलेन्सरवर ठेवला तो (वयोमानानुसार) मुक्काम येईपर्यंत उचललाच नाही. पण खतांच्या दुकानात नोकरीला असलेल्या, लग्नाच्या पोराच्या मागे आत्या बसते, हे गावाला पटण्यासारखं नव्हतं. एका अंदाजानुसार (अंदाज चहाच्या टपरीवरचा) दहापैकी अकरा जणांना मागे बसलेली ती मुलगी कोण हेही माहीत होतं.

अशात रविवारी बेलापूरचे पाहुणे घर बघायला येणार होते. बिभीषणाने त्यांच्या रुपालीला एकदाच पाहिलं होतं, आणि तेव्हापासून तो युरिया मागणाऱ्याला पोटॅश देत होता. पोरगी त्याला मनापासून आवडली होती. आणि घर बघणाऱ्यांची तपासणी तर ठरलेली असते: आधी बोअरचं पाणी, मग गोठा, मग चपला काढायच्या निमित्ताने वाकून सायलेन्सर.

उपाय सुचवण्यात गाव कमी पडलं नाही. चिंच, चुलीतली राख, टूथपेस्ट, लिंबू-सोडा (उरलेला सुचवणाऱ्याने प्यायचा). कुणीतरी नेलपॉलिश रिमूव्हर सांगितलं. ते आणायला बिभीषण स्वतः कटलरीच्या दुकानात गेला, आणि बिनलग्नाच्या पोराने नेलपॉलिशचं सामान नेल्यामुळे पुराव्यात भर पडली. शेवटी हायवेवरच्या गॅरेजवाल्या शाहबाजने वाट दाखवली.

"गाडी पळवून आन. तापलं की लाकडी उलथन्यानं हळू खरवड. लई जोर लावू नको."

डाग निघाला. मात्र तेवढीच जागा अशी चकाकू लागली की, डाग परवडला. मग उरलेला सायलेन्सरही तारेच्या घासणीने घासावा लागला, आणि शनिवारी संध्याकाळी बिभीषण हात धुऊन निर्धास्त झाला.

रविवारी पाहुण्यांनी पाणी चाखलं, गोठा पाहिला, पोहे खाल्ले. हल्लीच्या रिवाजाप्रमाणे रुपालीही आली होती. तिचे वडील ज्ञानेश्वरराव यांनी मिशीवरून हात फिरवला आणि मुद्द्याला हात घातला.

"बाकी समदं ठीक हाय. आता डाग किती, त्ये बोला."

"एकच हुता," बिभीषण ताडकन म्हणाला. "कालच घासून काढला."

भीमाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"आरं मुडद्या, त्ये सोन्याच्या डागाचं इचारत्यात! पोरीला दागिनं किती घालनार म्हून!"

"व्हय, आमी सोन्याचंच इचारलं," ज्ञानेश्वरराव म्हणाले. "पर ह्यो घासून काढलेला डाग कंचा?"

बिभीषणाने खरं ते सांगून टाकलं. सगळी बैठक उठून सायलेन्सरभोवती जमली. तिथे काहीच नव्हतं, आणि हीच अडचण होती. डाग होता तोवर तो आत्याच्या चपलेएवढा होता. निघाल्यावर तो कुणाच्याही चपलेएवढा झाला. ज्ञानेश्वरराव निघण्यासाठी चपला घालू लागले. बिभीषणाला रडू फुटायचंच बाकी होतं.

"कशानं काढला हो?" रुपालीने त्याला विचारलं. "माज्या स्कूटीला बी हाय एक. काय केल्या जाईना."

ज्ञानेश्वररावांचा एक पाय चपलेत आणि एक बाहेरच राहिला. "तुज्या गाडीला?"

"तुमचाच रेनकोट की, पप्पा. तुमी मागं बसला हुता तवाचा."

लेकीच्या मागे आपण कधी बसलो, हे ज्ञानेश्वररावांना काही केल्या आठवेना. पण चार माणसं ऐकत उभी होती, म्हणून त्यांना आठवलं. त्यांनी चप्पल काढली आणि ते पुन्हा आत येऊन बसले.

लग्न ठरलं, डाग चार. भीमाबाईंच्या चपलेची ग्वाही आता सगळ्यात मोठ्याने ज्ञानेश्वररावच देतात. चप्पल आत्याची मानली, तरच रेनकोट त्यांचा ठरतो. अशा रीतीने दोन्ही गावांना सगळं पटलेलं आहे. पटलेलं नाही ते एकट्या तुम्हाला. "आत्याची म्हणे!" असं तुम्ही मघाशीच मनात म्हणालात. तर आता उठा, स्वतःच्या गाडीचा सायलेन्सर एकदा वाकून बघा, आणि घरात कुणी विचारायच्या आत एखादी आत्या शोधून ठेवा.