कोरा कागद, मधे गोल

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले डॉ. मुजावर इस्त्रीच्या शर्टासकट सोसायटीच्या सुक्या कचऱ्याच्या पिंपात कमरेपर्यंत शिरले होते आणि एक कोरा कागद शोधत होते.

"कोराच हवा ना? घरून आणून देतो," मी म्हणालो.

"कोरा नाहीये हो जाधवसाहेब! मधे पेन्सिलीचा गोल आहे."

मुजावर औषधं देणारे डॉक्टर नव्हेत. पेशीच्या आत बारीक पिशव्या माल घेऊन फिरतात, त्या कुठून सुटतात आणि कुठे उतरतात, हे ते पुण्यातल्या एका संस्थेत बसून बघतात. मी चाकणच्या कंपनीत डिस्पॅच सांभाळून निवृत्त झालेला, त्यामुळे सगळ्या पिंपळे सौदागरात त्यांचं बोलणं कळणारा, निदान कळल्यासारखी मान हलवणारा, मी एकटाच.

"माल चुकीच्या गेटला गेला तर काय करायचात?" ते विचारत.

"परत मागवायचो. आणि शिव्या खायचो."

"पेशीतही परत मागवतात!" असं म्हणून ते इतके खूश होत, की जणू ती सोय मीच करून दिली होती.

'पोचलं का?' हा त्यांचा लाडका प्रश्न. माझ्या बायकोने, मंगलने, आमटीत मीठ टाकलं तरी हे विचारणार, "वहिनी, तळापर्यंत पोचलं का?"

या पिशवीवाल्यांची जगभर एक बिरादरी आहे. त्यांची देण्याघेण्याची रीत मोठी मजेशीर. टिपकागदावर पेन्सिलीने गोल काढायचा, त्यात जनुकाचा थेंब सुकवायचा आणि साध्या पाकिटातून पाठवून द्यायचा. मिळेल त्याने गोल कापून भिजवायचा आणि उतरलेलं जनुक जिवाणूंत घालून हवं तेवढं वाढवायचं. उगवलं, की 'पोचलं' एवढंच कळवायचं.

मुजावर एकटे, दिवसभर बाहेर, म्हणून त्यांचं टपाल आमच्याकडे येई. त्या दिवशीचं पाकीट फाटलेलं होतं. आत नुसता चिटोरा बघून मंगलने त्यावर चहाचं गाळणं ठेवलं आणि मग पाकीट, चिटोरा दोन्ही टाकून दिले.

शेवटी चिटोरा सापडला. कडेला चहा, गोल शाबूत. मुजावर पिंपाशेजारीच मटकन बसले.

"सेनबाईंचा आहे," ते म्हणाले.

कोलकात्याच्या या सेनबाईंशी त्यांचं प्रत्येक परिषदेत भांडण व्हायचं. बाई म्हणत, पिशवी पेशीच्या भिंतीला टेकते, माल ओतते आणि परत फिरते. हे म्हणत, छे, ती भिंतीतच विरून जाते. परतणारी पिशवी चमकून दिसावी म्हणून बाईंनी हे नवं जनुक बनवलं होतं. थोडक्यात, मुजावरांना खोटं पाडायला. आणि पहिला थेंब पाठवला तो मुजावरांनाच. पाकीट महिनाभर वाटेत रखडलं, तेवढ्यात बाई गेल्या. त्यांची प्रयोगशाळा आवरताना फ्रीझरही रिकामा झाला, त्यात बाकीचे थेंब गेले.

"आता जगात हा एवढाच उरलाय, राव. उगवलं नाही तर बाईंचं म्हणणंच संपलं."

मंगलने त्यानंतर टपालातला एक कपटाही टाकला नाही. मीही रोज लिफ्टचा आवाज आला, की दार उघडून उभा राहायचो. एका संध्याकाळी मुजावर लिफ्टमधूनच ओरडले, "वहिनी, पोचलं!" मंगल चक्क रडली.

त्या रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर डिस्पॅच उघडलं. थेंब सुकवलेले गोल त्यांनी प्रयोगशाळेतून आणले होते, पाकिटं मी चिकटवत होतो. बिरादरीत ज्यांनी मागितले होते त्यांना आणि ज्यांनी मागितले नव्हते त्यांनाही.

"डॉक्टर, यातून बाईंचंच खरं निघालं तर?"

"निघू दे की. भांडायला मला दुसरं होतं कोण?"

गठ्ठा लावताना एक पाकीट हाती आलं. त्यावर नेहमीच्या सवयीने त्यांनी सेनबाईंचाच पत्ता लिहिला होता. मी ते बाजूला काढलं. त्यांनी ते बघितलं आणि पुन्हा गठ्ठ्यात ठेवलं.

"अहो, परत येईल हे," मी म्हणालो.

"येऊ दे," मुजावर म्हणाले. "बाई तेच तर म्हणत होत्या."