डब्याची मागची बाजू

बायकोचा चहा सोडवायचा, असं मी एका मंगळवारी ठरवलं. माझा हात लागला तो एवढ्याचपुरता. पुढचं सगळं आपोआप घडत गेलं, असं मी अजून सगळ्यांना सांगत असतो आणि अजून कोणी ते ऐकून घेत नाही.

पेणच्या डॉक्टर नम्रताबाईंनी खरं तर 'चहा जरा कमी करा' इतकंच म्हटलं होतं. समीक्षाला पाचवा महिना लागला होता आणि ती दिवसाला सहा कप चहा पीत होती. बाई म्हणाल्या, दोनवर या. ती निमूटपणे दोनवर आलीही. विषय तिथेच संपला असता, पण नवरा म्हणून आपणही काहीतरी केलं पाहिजे, असं मला वाटायला लागलं. (असं वाटणं फार वाईट. त्यापेक्षा ताप आलेला परवडतो.)

मी रोह्याला एका केमिकल कंपनीत स्टोअर क्लार्क आहे. माझ्या शेजारच्या टेबलावर नितेश बसतो. त्याने मला एक डबा मिळवून दिला. डब्यावर हिरवं पान, हसणारी बाई आणि 'शंभर टक्के नैसर्गिक हर्बल टी' अशी ठळक अक्षरं. नैसर्गिक म्हणजे सेफ, हा हिशोब मी तिथल्या तिथे करून टाकला. (धोतराही नैसर्गिकच असतो, हे मला तीन आठवड्यांनी सुचलं.)

"हा घे रोज सकाळी एक कप," मी समीक्षाला म्हणालो. "सगळं वाचून आणलाय."

तिने डबा हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं."

आमच्या लग्नाला सात वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी एकदा दिवस राहिले होते आणि तिसऱ्या महिन्यात सगळं गेलं. तेव्हापासून घरात बाळाचा विषय कोणी काढत नसे. या वेळी पाचवा महिना लागला तरी मी एक झबलंसुद्धा आणलं नव्हतं. आणायला भीती वाटायची. त्यामुळे तो डबा आणताना मला केवढा आनंद झाला होता, हे मी कोणाला सांगितलं नाही.

डबा आणल्याच्या विसाव्या दिवशी कंपनीत सेफ्टी वीकचा कार्यक्रम होता. स्टोअरमध्ये येणाऱ्या प्रत्येक ड्रमचं लेबल वाचल्याशिवाय माल उतरवून घ्यायचा नाही, ही माझी नोकरी, म्हणून मला भाषणाला उभं केलं. मी जोरात होतो.

"मित्रांनो, पुढची चित्रं बघून फसू नका!" मी माइकवर ओरडलो. "आधी मागची बारीक अक्षरं वाचा! आत काय आहे, कोणासाठी धोक्याचं आहे, ते सगळं मागे लिहिलेलं असतं! मागचं न वाचता जो माल पुढे देतो, तो..."

आणि माझी वाचा बसली. डोळ्यांसमोर ते हिरवं पान आलं, ती हसणारी बाई आली, आणि त्या बाईची पाठ मी कधी पाहिलेलीच नाही, हे लक्षात आलं.

"...तो काय?" पुढच्या रांगेतून कोणीतरी विचारलं.

"तो गाढव," मी म्हणालो आणि खाली उतरलो. टाळ्या खूप पडल्या.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी कासू गावातल्या घरी आलो. डबा मागून पाहिला. अक्षरं इतकी बारीक, की मोबाइलने फोटो काढून मोठी करावी लागली. अकरा वनस्पती. सुंठ, तुळस ओळखीच्या, पुढे ज्येष्ठमध, सोनामुखी आणि बाकी मी जन्मात न ऐकलेली नावं. सगळ्यांत खाली लिहिलं होतं, 'गर्भवती स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये.'

मी मोरीपाशी मटकन बसलो. एकोणीस कप मी स्वतः आग्रह करकरून दिले होते.

सांगावं म्हटलं तर समीक्षा पडवीत बसून गुणगुणत होती. दोन वर्षांनी गुणगुणत होती! तिला काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कप घेऊन मागच्या दाराकडे निघाली, तसा मी मुद्दाम अडखळलो आणि चहा सांडला. (मुद्दाम अडखळायला गेलो तो खराच आपटलो.) समीक्षा फडकं आणायला गेली. माझे वडील हैबतराव, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ते मात्र मागच्या पडवीतून ओरडले, "सांडलास? सगळा सांडलास? डोळं हायत का भोकं?"

सुनेच्या चहासाठी सासऱ्याचा एवढा जीव तुटतो, याचं मला भरून आलं.

कंपनीत मी नितेशला गाठलं. "गरोदर बाईला चालतो का रे तो चहा?"

"न चालायला काय झालं? नॅचरल हाय. माझी बायको वजन कमी करायला पिते ना!"

"वजन कमी करायला?"

"तीन किलो उतरलं तिचं."

माझ्या बायकोचं वजन वाढावं म्हणून डॉक्टरबाई दर महिन्याला ओरडत होत्या. मी मोबाइलवर शोधलं, तर एक म्हणे बिनधास्त प्या आणि दुसरा म्हणे घरात ठेवूसुद्धा नका. दोघांचेही फोटो हसरे होते.

शिफ्ट सुटल्यावर मी रोह्याच्या बाजारात भागीबाईकडे गेलो. ती वाडीवरून रानातला पाला, मुळ्या विकायला घेऊन बसते. म्हटलं, हिला उतारा माहीत असणार.

"भागीबाई, चहावर उतारा पाहिजे."

"कुनी घेतलाय?"

"बायकोने. पाचवा महिना आहे."

तिने पाल्यावर पाणी मारायचं थांबवलं. "काय काय हाय त्या चहात?"

"नीट माहीत नाही."

"ठावं नाय आनि पोटुशी बाईला पाजलंस?" ती म्हणाली. "दादा, मी पोटुशी बाईला पाला देत नाय. माझ्या सुनंला पन दिला नाय. कोन्ता पाला पोटात काय करंल, कोन सांगंल? डाक्तरकडं जा. आनि डबा संगं ने."

"पण तू तर हेच विकतेस ना?"

"इकते म्हनूनच सांगते," ती म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

दुसऱ्या दिवशी कंपनीला दांडी मारून, समीक्षाची फाइल आणि डबा पिशवीत घालून मी एकटाच पेणला गेलो. दवाखान्यात सगळ्या बायका आणि मध्ये मी. काउंटरवरच्या पिंकीने मान वर न करता फाइल घेतली आणि सवयीने म्हणाली, "काट्यावर उभे राहा." मी घाबरून उभा राहिलो. तिने एकोणऐंशी लिहिलं आणि फाइल आत पाठवली.

आत डॉक्टरबाई फाइलकडे बघून पांढऱ्या पडल्या होत्या. "पंधरा दिवसांत सव्वीस किलो? कुठे आहे समीक्षा?"

"घरी आहे. ते वजन माझं आहे," मी म्हणालो आणि डबा टेबलावर ठेवून सगळं सांगून टाकलं.

त्यांनी डबा मागून वाचला. (त्यांनी पुढची बाजू पाहिलीसुद्धा नाही.) मग शांतपणे म्हणाल्या, "हे बघा, घरच्या चहात आल्याचा तुकडा किंवा गवती चहाची दोन पाती टाकली तर सहसा काही बिघडत नाही. पण या डब्यात अकरा गोष्टी आहेत आणि किती किती आहेत ते लिहिलेलं नाही. ज्येष्ठमध या दिवसांत रोज नको. सोनामुखी तर जुलाबाची, ती आपल्या मनाने घ्यायचीच नाही. बाकीच्यांचा गरोदर बायकांवर नीट अभ्यासच झालेला नाही, म्हणून सेफ आहेत असं मी म्हणणार नाही."

"मग बाळाला काही झालं असेल का?"

"बहुतेक नसेल. पण मी अंदाजाने सांगत नाही. उद्या तिला घेऊन या."

'बहुतेक' या शब्दाबरोबर मी एक अख्खी रात्र काढली. असा मुक्काम वैऱ्यालाही नको.

सकाळी समीक्षाला 'नेहमीचं चेकिंग' सांगून मिनीडोर रिक्षात बसवलं. आबाही निघाले, त्यांना पेणच्या बाजारात काम होतं. हायवेवरच्या प्रत्येक खड्ड्याला मी 'आता सांगतो' असं ठरवत होतो आणि खड्डे काही कमी नव्हते. तरीही पेण आलं आणि माझं सांगून झालं नाही.

शेवटी डॉक्टरबाईंनीच विचारलं. "समीक्षा, त्या हर्बल चहाचे एकूण किती कप झाले?"

"एकही नाही," समीक्षा म्हणाली.

मी खुर्चीतून उठलो. "एकही नाही? रोज सकाळी कप घेऊन मागे जायचीस ती?"

"डब्याच्या मागे लिहिलंय की, गरोदर बाईने घेऊ नये. मी पहिल्याच दिवशी वाचलं."

"मग मला का नाही सांगितलंस गो?"

ती खाली बघत म्हणाली, "तुम्ही बाळासाठी म्हणून पहिल्यांदाच काहीतरी आणलं होतंत. कसं नको म्हणायचं? तुमचं तोंड बघायला हवं होतं त्या दिवशी."

डॉक्टरबाईंनी मशीन लावलं. धकधक, धकधक, धकधक. ठणठणीत ठोके. मी तिथेच रडलो. पिंकीने या वेळी मान वर केली आणि मला पाणी दिलं.

"पण मग एकोणीस कप गेले कुठे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"आबांना दिले. टाकवेना. त्यांना आवडायचा."

"त्यांना बीपी आहे का?"

मी आणि समीक्षाने एकमेकांकडे पाहिलं. आबांना बारा वर्षांपासून बीपी आहे.

"ज्येष्ठमधाने बीपी वाढतं," बाई म्हणाल्या. "कुठे आहेत ते?"

मी बाजारभर पळालो. (माझं नशीब बघा. एका जिवाची काळजी मिटायला पाच मिनिटंही झाली नव्हती.) सुक्या मासळीच्या ओळीत आबा सापडले. त्यांना ओढत आणलं आणि गरोदर बायकांच्या बाकावर बसवलं. बीपी वाढलेलं निघालं, पण फार नाही. बाईंनी चहा बंद करून आठवड्याने परत बोलावलं.

"बंद?" आबा भडकले. "वीस दिस झालं, पोट कसं साफ होतंय माझं! सून माझी देवमानूस हाय!"

"तुमच्या पोराने आणलेला जुलाब होता तो," बाई म्हणाल्या.

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुन्हा मोरीपाशी जाऊन बसावंसं वाटलं.

निघताना बाईंनी समीक्षाच्या फाइलवर काहीतरी लिहिलं. त्यांचं अक्षर एरवी औषधवाल्यालाही लागत नाही, पण या वेळी त्यांनी शाळेतल्यासारखं मोठं, स्वच्छ मराठीत लिहिलं, 'नवऱ्याने आणलेले काहीही खाऊ-पिऊ नये.' खाली 'वाचले व समजले' असं लिहून माझी सही घेतली.

आबांनी बाहेर पडल्या पडल्या त्याची झेरॉक्स काढली, 'नवऱ्याने' खोडून 'मुलाने' केलं आणि घरी येताच स्वतःच्या बीपीच्या फाइलला लावली. तिच्यावरही सही मलाच करावी लागली.