तिसऱ्या खिडकीसमोरचा फोटो

बायको एवढंच म्हणाली होती, "अहो, पोस्टाच्या इमारतीसमोर बाबांचा एक फोटो काढाल का?" मी सरळ हो म्हणून मोकळा झालो असतो, तर आज सासऱ्यांना तोंड दाखवायला जागा राहिली असती. पण मी म्हणालो, "काढतो. पण नीट काढतो." ते 'नीट' मला भोवलं.

मी हौशी छायाचित्रकार आहे. (म्हणजे आठवडाभर पाणीपुरवठा कचेरीत फायलींना दोरे बांधतो आणि रविवारी ढगांकडे बघत बसतो.) आमचं सात जणांचं मंडळ आहे. आम्ही फक्त कृष्णधवल फोटो काढतो, तेही फिल्मवर आणि तेही डोंगरांचे नाहीतर इमारतींचे. आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. ते म्हणतात, "इमारतीच्या फोटोत माणूस म्हणजे दातात अडकलेली भाजी." आम्ही सहा जण माना डोलावतो. एकदा एका घड्याळाच्या मनोऱ्यासमोरून एक बाई बाजूला व्हावी म्हणून मी पावणेदोन तास थांबलो होतो. ती नवऱ्याची वाट बघत होती. घरी माझी बायकोही तेच करत होती.

सासरे पोस्टात चौतीस वर्षं व्हरांड्यातल्या तिसऱ्या खिडकीत बसले. सोमवारी ती इमारत पाडायला घेणार होते आणि तिच्यासमोर उभं राहून काढलेला त्यांचा एकही फोटो नव्हता. त्यांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट, तीही मुलीकरवी.

शनिवारी सकाळी आम्ही पोहोचलो तर ही गर्दी! शेवटचा दिवस म्हणून जुने पोस्टमन, जुनी गिऱ्हाईकं, सगळे निरोपाला लोटलेले. बायकोनं मोबाईल काढला. "थांबा, मी पटकन एक..."

"मोबाईलनं?" मी म्हणालो. "मी इथं असताना?"

तिनं मोबाईल पर्समध्ये टाकला. (पर्सच्या चेनचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.)

माझ्या खिशात काळी काच होती. ती लेन्सवर लावली की उजेड इतका कमी होतो की फोटो उमटायला चार-चार मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात जे हलतं ते फोटोत राहत नाही. जे स्थिर असतं तेच उरतं. म्हणजे गर्दी गायब, इमारत आणि सासरे कायम! स्वतःच्या अकलेवर मी मनातल्या मनात टाळी घेतली.

"बाबा, या पायरीवर, खिडकीसमोर. चार मिनिटं हलायचं नाही."

"चौतीस वर्षं एका जागी बसलो, जावईबापू. चार मिनिटांचं काय घेऊन बसलात?"

मी बटण दाबलं. एक फोटो, एकच. (खऱ्या कलावंताला दुसरा लागत नाही, असं अध्यक्ष म्हणतात. ते दातही एकाच झटक्यात उपटतात.) मग मी एक डोळा घड्याळावर ठेवला आणि दुसरा ढगांवर.

पहिल्याच मिनिटाला एक म्हातारे पोस्टमन आले आणि त्यांनी सासऱ्यांना मिठी मारली. मग कुणी हात धरले, कुणी पाठ थोपटली. एक आजी त्यांचा दंड धरून काहीतरी सांगत रडत होत्या. मला गर्दीची चिंता नव्हती, ती पुसली जाणारच होती. तेवढ्यात कुणीतरी लांबून हाक मारली आणि सासरे पायरी उतरायला निघाले.

मी ओरडलो, "बाबा, पाय! पाय हलवू नका!"

आज्ञाधारक माणूस. मग पाय काही हलले नाहीत.

रोल लगेच धुतला असता तर पुन्हा फोटो काढायला निदान रविवार हातात होता. पण फिल्म वाया घालवायची नाही हा मंडळाचा दंडक. उरलेल्या अकरा फोटोंसाठी मी पंधरा दिवस पूल आणि टेकड्या टिपत हिंडलो. मग बाथरूममध्ये लाल दिव्याखाली कागदावर चित्र उमटू लागलं. खांब आले, कमानी आल्या, तिसरी खिडकी आली. रिकामा, स्वच्छ व्हरांडा आला. आणि पायरीवर काळ्या बुटांची एक जोडी. नाडीचा वेढान् वेढा मोजून घ्यावा इतकी रेखीव. बुटांच्या वर काही नाही.

इमारतीच्या जागी तोवर पत्र्याचं कुंपण उभं राहिलं होतं.

खरं तर मी तेव्हाच सासऱ्यांकडे जाऊन कान पकडायला हवे होते. मी गेलो अध्यक्षांकडे. त्यांनी फोटो दिव्याखाली धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "माणूस काढून टाकलास आणि त्याचं जाणं ठेवलंस. वा!" मंडळाच्या प्रदर्शनात मला पहिलं बक्षीस मिळालं. मी ते घेतलं. घरी मात्र "फोटो जरा कलात्मक आलाय" एवढंच सांगितलं.

सासरे प्रदर्शनाला इस्त्रीचा शर्ट घालून आले. फोटोसमोर उभे राहिले. चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"इमारत छान आली हो," ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "मी कुठंय?"

मी सरळच असलेली चौकट सरळ करू लागलो. बायको माझ्याकडे बघत होती, आणि ते बघणं कुठल्याही काळ्या काचेनं पुसलं जाणारं नव्हतं. सासरे पुढं वाकले.

"हे बूट माझेच. त्या दिवशी पॉलिश करून गेलो होतो, ते बरं झालं." एवढं बोलून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला फार वाईट वाटलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

तो फोटो आता त्यांच्या बैठकीच्या खोलीत आहे. येणाऱ्याला ते बोट ठेवून सांगतात, "हा मी." कोणी हसलं तर तेही हसतात. मी तेवढ्यात पाणी आणायला आत जातो.

घरातले फोटो आता बायको काढते. मोबाईलनं, माणसांचे. मागच्या महिन्यात सासऱ्यांच्या वाढदिवसाला तिनं सगळ्यांचा एक काढला. सासरे मधोमध, तोंडभर हसताना. मी शोधत शोधत डाव्या कडेपर्यंत गेलो, तर तिथं माझा एक बूट.

"अगं, मी कुठंय?"

बायकोनं मोबाईल हातात घेऊन फोटो मोठा केला. "नाडी सुटलीय तुमची," ती म्हणाली. "बाकी बूट छान आलाय."