कानशीचा चाकू आणि ओव्हनची मंजुरी

विषय : घरातील ओव्हन दोन तासांकरिता मिळणेबाबत.
संदर्भ : माझा अकरा दिवसांपूर्वीचा लेखी अर्ज व पत्नीने त्यावर न केलेली सही.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, मी भयंकर चिडलो आहे. (चौतीस वर्षं कारकुनी केली. विषय आणि संदर्भ दिल्याशिवाय मला चिडताही येत नाही.)

सुरुवात टोमॅटोपासून झाली. आमच्या घरच्या चाकूनं टोमॅटो चिरला जात नसे, चिरडला जाई. मी म्हणालो, "चाकू मीच करतो." बायको म्हणाली, "विकत मिळतो." झालं! एवढा अपमान मला पुरला.

लोखंड घासायची एक जुनी कानस घेतली. घासून घासून तिचं पातं करायला नऊ दिवस लागले. तेवढ्या काळात शेजाऱ्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मग बाल्कनीत विटा रचून कोळसे पेटवले, वारा घालायला बायकोचा हेअर ड्रायर लावला आणि पातं लालभडक करून तेलात बुडवलं. (धूर आणि ड्रायर यांबाबत स्वतंत्र खुलासा दिलेला आहे.)

असं तेलात बुडवलेलं पातं कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळ राहतं. दोन तास ओव्हनमध्ये शेकलं तरच टिकतं. म्हणून मी रीतसर अर्ज केला.

"हे काय?"

"ओव्हनसाठी अर्ज."

"अहो, मी समोर उभी आहे. तोंडानं विचारा की!"

"तोंडी परवानगीला अर्थ नसतो. खाली सही कर."

"माझ्या ओव्हनमध्ये ते तेलकट लोखंड घालणार, आणि वर सही मीच करू?"

अर्ज फ्रिजवर आपटून ती बहिणीकडे निघून गेली.

चांगले चार तास ती नव्हती. ओव्हन रिकामा, पातं तयार, घरात मी एकटा. दुसऱ्या कुणीही बटण दाबलं असतं. मी ओव्हनसमोर स्टूल ओढून मंजुरीची वाट बघत बसलो.

तेवढ्यात मेहुणा उगवला.

"भावोजी, हाच का तो चाकू?"

"हात लावू नकोस. प्रकरण विचाराधीन आहे."

"बघू तरी, दम किती आहे," म्हणत त्यानं कोपऱ्यातल्या रंगाच्या डब्याच्या झाकणाखाली टोक खुपसून ते उचकटायला घेतलं. टक्! अर्धं पातं त्याच्या हातात, अर्धं कपाटाखाली.

"लोखंड हलकं होतं हो," मेहुणा म्हणाला.

मी त्याला जे बोललो, ते चौतीस वर्षांत साहेबालाही बोललो नव्हतो. (साहेबाच्या पाठीमागे बोललो होतो, ते वेगळं.) शेकलं नव्हतं, म्हणून मोडलं, हेही ओरडून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग शेकलं का नाहीत? ओव्हन तर मोकळाच दिसतोय."

त्या क्षणी हातात चाकू नव्हता, हे दोघांचंही नशीब.

संध्याकाळी बायको आल्याबरोबर मी तिच्या हातात पहिलं स्मरणपत्र ठेवलं. तिनं ते वाचलं. मग टेबलावरचे दोन तुकडे पाहिले.

"करते हो सही," ती म्हणाली. "पण आधी सांगा, ओव्हनमध्ये ठेवणार काय?"

या मुद्द्यावरील माझा खुलासा अद्याप सादर झालेला नाही. दुसरं स्मरणपत्र काल दिलं. अर्ज प्रलंबित आहे.