टिपणीस सर गरज तपासतात

आमच्या शेजारचे टिपणीस सर नौपाड्यात वडा घ्यायला उभे राहिले, तरी वडेवाल्याला विचारतात, "तुम्हाला इंग्रजीची नेमकी गरज कुठे पडते?"

वडेवाला म्हणतो, "नाही पडत. चटणी सुकी की ओली?"

ठाण्याच्या एका कॉलेजात आम्ही दोघंही इंग्रजी शिकवायचो. मी फार्मसीच्या पोरांना कविता वाचून दाखवायचे. स्वतःच्याच वाचनाने माझे डोळे भरून यायचे. पोरांना वाटलं, बाईंना ॲलर्जी आहे. त्यांनी गोळी सुचवली. मी तेव्हा इतकी बावळट, की ती घेतलीसुद्धा!

सर मात्र आधी गरज तपासायचे. "ज्याला जेवढं लागतं तेवढंच वाढायचं, बाई!" नर्सिंगच्या मुलींना कसलं इंग्रजी लागतं ते बघायला इस्पितळात दिवसभर बसले, तर संध्याकाळी पेशंट समजून सरांनाच सलाइन लावलेलं. इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात गेले आणि फोरमनला विचारलं, "मशीन बंद पडलं की तुम्ही काय बोलता?"

फोरमन म्हणाला, "सर, ते वर्गात शिकवता येणार नाही."

आता निवृत्तीनंतर तपासायला उरली एकच, कॅनडातली चार वर्षांची नात, ईरा. तिला मराठी येत नाही. रविवारी व्हिडिओ कॉल असतो. सर टाय बांधून बसतात आणि शुद्ध इंग्रजीत विचारतात, "तू दिवसभरात कोणकोणत्या प्रसंगी इंग्रजी वापरतेस?"

ईरा "बाय" म्हणून पळते. दर रविवारी.

शेवटी सर माझ्याकडे आले. "बाई, सगळ्यांचं इंग्रजी तपासलं, पण चार वर्षांच्या पोरीशी बोलायचं मला येत नाही. विसरेल हो ती मला."

माझ्या नातवंडांनी माझा घोडा, मगर, सगळं करून झालंय. मी म्हटलं, "टाय सोडा. खाली बसा. मांजर व्हा."

"पण इंग्रजीत मांजर..."

"व्हा म्हणते ना!"

त्या रविवारी फोन धरायला मीच गेले. सर सतरंजीवर ओणवे झाले आणि घसा खाकरून म्हणाले, "म्याव."

पळत सुटलेली ईरा थबकली. मागे वळली. खदखदून हसली. "अगेन, आजोबा, अगेन!"

आणि नेट गेलं.

बराच वेळ वाट पाहून मी म्हटलं, "उठा सर, गुडघे धरतील. चहा टाकते."

सर ओणवेच. नजर काळ्या पडद्यावर.

"थांबा हो बाई. अगेन म्हणालीय ती."